सांधा

एकशे चव्वेचाळीस तारा एका नळीत.
निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी, पांढरी...
रंगांचा क्रम मी झोपेतही चुकत नाही.
फुजैऱ्याच्या बंदराजवळ, लोखंडी झाकणाखालच्या खड्ड्यात,
बाहेर सेहेचाळीस, आत आणखी एक-दोन जास्तच,
काचेचं टोक स्पिरिटने पुसायचं, कापायचं,
दुसऱ्या टोकासमोर धरायचं. ठिणगी.
मग यंत्र सांगतं, किती उजेड गळला.
माझ्या हातून फार गळत नाही.
सुपरवायझर कुरियाकोस म्हणतो, तुझा सांधा हुडकावा लागतो.

समुद्राखालून येते ही केबल.
पुढे कुठं जाते ते नकाशात आहे,
नकाशा आम्हाला दाखवत नाहीत.
आमच्या पालशेतसमोरूनच जात असणार कुठूनतरी.

रात्री खोलीवर फोन लावतो.
अकरा सेकंद.
बाराव्याला स्वरांगी तोंड उघडून थांबते,
पडलेला दात दाखवता दाखवता,
आणि तशीच राहते.
हिरडीतली रिकामी जागा, पडदाभर.
शाजी म्हणतो, बिघाड नाही रे, बंदी आहे.
बिघाड असता तर मी शोधला असता की.

मुर्तझा टेलरची मागची खोली, शुक्रवारची दुपार.
सगळ्यांचे फोन फ्रिजमध्ये, लबनच्या बाटल्यांशेजारी.
मौझा आली. इथलीच. अबायाच्या बाहीला शाई लागलेली.
सोबत दिलमाया,
जिचा फोन मालकीण रोज जेवणानंतर वाचते.
मौझाकडे वही होती, शाळेतली, चौकटीची.
महिन्याला किती मिनिटं?
कार्डावर किती दिरहम?
कुठलं वाक्य अर्धं राहिलं?

बायकोचं, मी सांगितलं.
‘विहिरीची मोटार दुरुस्त केली, पण...’
त्या ‘पण’च्या पुढचं मी नंतर विचारलं,
तर तिलाही आठवेना.

मौझाने ते जसंच्या तसं उतरवलं. मग म्हणाली,
तुझं नाव लिहू का?
दिलमायाने हिंदीत सांगितलं तरी मला उमजेना.
विमानतळावर दहा बोटं दिली, डोळे दिले,
सिमकार्डाला अंगठा, कॅम्पच्या फाटकाला चेहरा.
‘का’ लावून कुणी मागितलं नव्हतं काही.
नाही म्हणता येतं,
हे ध्यानात यायलाच वेळ लागला.
मी नाही म्हणालो.
ती रागावली नाही.
लिहिलं: सांधणारा, पुरुष, चौतीस.

परदेशात कुठलीशी परिषद होती,
कुणाचं बोलणं कुठून जाईल ते ठरवणारी.
मौझाला तिथं तीन मिनिटं मिळाली होती.
मुर्तझाने खडूने कापडावरच हिशोब केला:
माणशी चार सेकंदही नाहीत.

त्या दिवशी मी खड्ड्यातच होतो.
तिचा आवाज इथवर आला असेल तर
मी जोडलेल्या एखाद्या तारेतूनच आला असेल,
माझ्या गुडघ्याजवळून.
वर येऊन फोन उघडला. लिहून आलं,
हे पान या देशात उपलब्ध नाही.

मौझा परत आली, असं म्हणतात.
नाही आली, असंही म्हणतात.
नंबर वाजत नाही.
मुर्तझा मान वर न करता कापड कापतो.
गेल्या आठवड्यात माझी पँट दिली, कमी करायला टाकलेली.
घातली तर घोट्याला काहीतरी टोचलं.
दुमडीत चिठ्ठी, अक्षर दिलमायाचं:
‘उत्तर क्रमांक एक्केचाळीस.
वगळायचं असेल तर कळवा.’

कळवायचं कुणाला, ते लिहिलेलं नाही.

आज राखाडी तार सांधताना,
हेल्पर पाणी आणायला वर गेला होता तेव्हा,
मी मोठ्याने म्हणालो, वगळू नका.
आणि नावही सांगितलं.
पूर्ण. बापाच्या नावासकट.

भिंतींत घुमलं थोडं.
यंत्राने आकडा दाखवला:
गळती, शून्य पूर्णांक शून्य एक.